गावच्या जुन्या कलाकाराची माहिती जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात देवळाचा उत्सव, शाळेचा प्रकल्प किंवा कुणाची जन्मशताब्दी आली की गावच्या जुन्या गायिकेवर, नटावर किंवा तियात्रिस्तावर (तियात्र या कोंकणी नाटकाच्या कलाकारावर) एखादी स्मरणिका निघते. पहिला मसुदा बहुधा दहा ठिकाणांहून उचललेला असतो आणि त्यात एक तरी गाव, एक तरी साल चुकलेलं असतं. हे प्रश्न अशा मसुद्यांवर काम करताना पुन्हापुन्हा येतात.

एकाच गायिकेची तीन नावं सापडतात. खरं कुठलं धरायचं?

तिन्ही. फक्त कुठलं नाव कधीचं ते लिहा. बांदिवड्यात ११ मे १९१४ रोजी जन्मलेल्या दुर्गा केळेकर पुढे ज्योत्स्ना भोळे झाल्या. 'केळेकर' धरून बसलात तर १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात त्या सापडणार नाहीत, आणि 'भोळे' धरून गेलात तर बालपण सापडणार नाही. जितेंद्र अभिषेकी यांचं मूळ नाव गणेश बळवंत नवाथे. घराण्याकडे मंगेशीच्या देवळातला अभिषेक होता, म्हणून अभिषेकी. दीनानाथही मंगेशीचेच, पण त्यांनी गावाचं नाव लावलं आणि मंगेशकर झाले.

तियात्राच्या बाजूला तर टोपणनाव हेच नाव. एम. बॉयर म्हणजे मानुएल सांताना आगियार, आल्फ्रेड रोज म्हणजे रोझारियो आल्फ्रेड फर्नांडिस, क्रिस पेरी म्हणजे क्रिस्तोवां परेरा. 'चिक चॉकलेट' या नावानं ट्रम्पेट वाजवणारे हळदोण्याचे अंतोनियो शावियेर वाझ. चर्चच्या नोंदवहीत चॉकलेट शोधून काय मिळणार?

एक साधा तक्ता करा: नाव, कुठल्या कागदावर, कुठल्या वर्षी. चार ओळी भरल्या की निम्मे वाद मिटतात. पोर्तुगीज अमदानीतल्या कागदांत रोमी स्पेलिंग वेगळंच असतं: 'क'साठी सी किंवा क्यू, 'श'साठी एक्स. 'केरी' क्यूखाली आणि 'कुर्डी' सीखाली शोधायची. 'के' अक्षराखाली बोट फिरवत बसलात तर दिवस फुकट.

गाव नेमकं कसं ठरवायचं?

तालुका लिहिल्याशिवाय गाव लिहूच नका. केरी फोंड्यात आहे, सत्तरीत आहे आणि पेडण्यात तेरेखोल नदीच्या तोंडाशीही आहे. सूरश्री केसरबाई केरकर (१३ जुलै १८९२ ते १६ सप्टेंबर १९७७) फोंड्याच्या केरीच्या. शिरोडा गोव्यात फोंड्यात आहे, तसा सिंधुदुर्गात वेंगुर्ल्यातही आहे, आणि दोन्हीकडे 'शिरोडकर' आहेत. मालपे पेडण्यातलं, भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर तिथल्या. उडुपीजवळचं मलपे हे बंदर निराळं.

'अमुककर' या आडनावावरून जन्मगाव काढणं हीच सगळ्यात मोठी चूक. आडनाव कुळाचं किंवा आईच्या गावाचं असतं, बाळंतपण दुसरीकडे झालेलं असतं. लता मंगेशकर यांचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९. मंगेशीच्या फलकावर 'आमच्या गावची कन्या' जरूर लिहा, त्यात खोटं काही नाही. 'मंगेशीत जन्म' मात्र लिहू नका.

जन्मतारखा जुळत नाहीत. काय करावं?

घरात तिथी लक्षात असते, कागदावर तारीख असते, आणि मधला हिशेब कुणीतरी अंदाजानं केलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं. शके १८२६ चा आषाढ म्हणजे १९०४. पण १ जानेवारी शकाच्या मध्येच उजाडते, त्यामुळे माघ-फाल्गुनात ७९ मिळवावे लागतात. मार्गशीर्षाची अखेर आणि पौष हा धोक्याचा पट्टा; तिथे त्या वर्षाचं पंचांग उघडल्याशिवाय साल ठरवू नका. एका वर्षाचा फरक दिसला की आधी इथेच बघावं.

दुसरं कारण मानवी आहे. बालनट कंपनीत घेताना वय कमी सांगत, आणि पुढे मानधनाच्या अर्जावर तेच वाढे. नोंदवही, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट यांपैकी जो कागद घटनेच्या सर्वांत जवळ लिहिला गेला, त्याला मान द्या. बाकीच्या तारखा कंसात देऊन मोकळे व्हा.

कलावंत घराण्याविषयी कसं लिहावं? कुटुंबीय नाराज होतील का?

होऊ शकतात, म्हणून आधी विचारा. गोव्यातल्या अनेक थोर गायिका देवळाच्या सेवेशी बांधलेल्या घरांतून आल्या. त्या घरांत विद्या आईकडून मुलीकडे जाई, म्हणून वंशावळ आईच्या बाजूनं लावावी लागते. वडिलांचं नाव नाही म्हणून रकाना रिकामा ठेवणं किंवा तिथे कुणाचं तरी नाव घुसडणं, दोन्ही अज्ञान. मोगूबाई कुर्डीकरांच्या (१५ जुलै १९०४ ते १० फेब्रुवारी २००१) घडणीत आई जयश्रीबाईंचा हात होता. मुलीनं गावं ही तिची जिद्द. मोगूबाई आधी नाटक मंडळीत गेल्या, मग सांगलीत अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळाली, नंतर त्यांचे बंधू हैदर खाँ यांची. हा क्रम लिहिला की घरही दिसतं आणि कष्टही दिसतात.

'अशा परिस्थितीतून वर आल्या' हा शेरा मात्र गाळा. गाणं त्या परिस्थितीतच होतं. गोमंतक मराठा समाजाच्या रूपानं या घरांनी स्वतःच संघटना उभारली, मुलांना शिकवलं. त्याचा उल्लेख दोन ओळींत का होईना यायला हवा.

हे सगळे मुंबईलाच का गेले?

गोव्यात गाणं होतं, पण ते विकत घेणारी बाजारपेठ नव्हती. नाटक कंपन्या, शेठ लोकांच्या मैफली, ध्वनिमुद्रण, पुढे चित्रपट, सगळं मुंबईत, आणि काही पुणे-सांगली-कोल्हापुरात. पहिलं तियात्र मानलं जाणारं 'इटालियन भुर्गो'ही १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू अल्फ्रेड थिएटरातच झालं. नंतर १९५५ पासून भारतानं केलेल्या नाकेबंदीमुळे सीमा ओलांडणंच कठीण झालं, ते १९६१ पर्यंत. त्या काळातल्या आठवणींत 'गावाला येता आलं नाही' असं दिसलं तर त्यामागचं कारण हे.

परिणाम असा की कागद गोव्याबाहेर राहिले. गावात घर सापडतं, देव सापडतो, कार्यक्रमाची जाहिरात मात्र मुंबईच्या वर्तमानपत्रात.

ज्यांची एकही ग्रामोफोन तबकडी नाही, अशा गावच्या नटाचं काय?

हा खरा गोव्याचा प्रश्न. इथे प्रत्येक देवळाच्या उत्सवात नाटक, आणि त्यातले नट शेतकरी, मास्तर, दुकानदार. त्यांच्यावर लेख नाहीत, पण कागद आहेत. देवस्थानच्या हिशेबवहीत पडदे, पेट्रोमॅक्स, पायपेटीवाला, रंगभूषाकार यांना दिलेले पैसे तारखेसह असतात. महाजनांच्या (देवस्थानच्या हक्कदार कुळांच्या) समितीकडे रीतसर अर्ज करा; वही घरी मागू नका, तिथेच बसून फोटो काढा.

त्याहून मोलाच्या म्हणजे नकला. नक्कल म्हणजे एका पात्राची भाषणं उतरवून काढलेली वही. तीत फक्त त्याच पात्राचे संवाद आणि आधीच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द असतात. पहिल्या पानावर नटाचं नाव, कडेला लाल पेन्सिलीनं कापलेली भाषणं, पदाच्या शेजारी 'काळी दोन' किंवा 'पांढरी चार' असा पेटीवरचा सूर. एवढ्यावरून त्याचा आवाज कुठल्या पट्टीत होता ते कळतं. प्रॉम्प्टरची संपूर्ण संहिता मिळाली तर तीही पाहा. कुठे 'थांब' लिहिलंय तिथे बहुधा टाळी पडत असे.

हँडबिलावर तिथी आणि वार असतो, पण साल बऱ्याचदा नसतं. तिथी आणि वार यांची जोडी पंचांगात ताडून पाहा. पाच-सहा संभाव्य वर्षं उरतात, त्यातलं एक नाटकाच्या प्रकाशनवर्षामुळे किंवा नटाच्या वयामुळे पक्कं होतं.

घरात जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या सापडल्या. आधी काय करावं?

वाजवू नका. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स (पिन धरणारा भाग) शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतो आणि पोलादी पिन एका बाजूला एकच वापरायची असते. गंजकी पिन लावून 'जरा बघूया' म्हटलं की खोबणीतला आवाज पांढऱ्या भुकटीच्या रूपानं बाहेर येतो.

धुण्याची रीत: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ कापड किंवा मऊ केसांचा ब्रश खोबणीच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. मधलं कागदी लेबल कोरडं राहिलं पाहिजे, त्यावर प्लॅस्टिकची चकती दाबून धरा. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुसून तबकडी सावलीत उभी वाळवा. स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर यांतलं काहीही लावू नका. ७८ ची तबकडी शेलॅकची म्हणजे लाखेची, आणि लाख अल्कोहोलात विरघळते. सर्वांत जास्त तबकड्या याच 'स्वच्छतेनं' मेल्या आहेत.

ठेवताना उभ्या ठेवा. दहा इंची तबकडी साधारण २०० ग्रॅमची. पन्नास आडव्या रचल्या की तळातलीवर दहा किलो बसतात आणि ती चिरते. पावसाळ्यात कागदी पाकिटांना बुरशी येते, तेव्हा जुनी पाकिटं वेगळी काढून (फेकू नका, त्यांवर दुकानाचा शिक्का असतो) तबकड्या नव्या कोऱ्या पाकिटांत घाला. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवलेली तबकडी ताटासारखी वाकते.

त्या संगणकावर कशा उतरवायच्या?

७८ चा वेग देणारा टर्नटेबल आणि ७८ साठीची वेगळी सुई हवी. ७८ ची खोबण रुंद, म्हणून सुईचं टोक सुमारे तीन मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीचं टोक ०.७ मिलच्या आसपास असतं, ते खोबणीच्या तळाला जाऊन फक्त खरखर ऐकवतं. 'आवाज फार वाईट आहे' या तक्रारींत निम्म्याहून जास्त वेळा हीच चूक निघते. उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. गाळणी न लावलेली मूळ फाइल तशीच जपून ठेवा आणि साफसफाई प्रतीवर करा. खरखर काढताना तानेची धार आणि 'स', 'श' आधी जातात.

वेगाकडे लक्ष द्या. जुन्या तबकड्या नेमक्या ७८ वर ध्वनिमुद्रित झालेल्या असतातच असं नाही. वेग सुमारे ६ टक्क्यांनी चुकला की सूर अर्ध्या सुरानं सरकतो, म्हणजे काळी एक ऐकू येते ती मुळात पांढरी एक असू शकते. 'बाईंचा आवाज किती उंच' असं लिहिण्याआधी त्याच गायिकेच्या इतर तबकड्यांशी षड्ज ताडून पाहा.

चिरलेल्या तबकडीत दर फेऱ्याला, म्हणजे सेकंदाला १.३ वेळा 'टक' येतो. तो नंतर काढता येतो. तुकडा निखळला असेल तर डिंक लावण्याच्या फंदात न पडता जाणकाराकडे द्या.

लेबलवरून साल कळतं का?

थेट नाही. लेबलवरचा क्रमांक विक्रीचा. शेवटची खोबण आणि लेबल यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर दाबून उमटवलेला क्रमांक मात्र ध्वनिमुद्रणाचा असतो. एकच गाणं पुढे दुसऱ्या क्रमांकानं विकलं गेलं तरी हा बदलत नाही. तबकडी तिरकी धरून बाजूनं विजेरी मारा, मग तो वाचता येतो. गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगत असेल तर ती फार जुन्या काळातली. विद्युत मायक्रोफोन १९२५ नंतर आला. त्याआधी कलाकार कर्ण्यात तोंड घालून गात, म्हणून तबला लांबून येतो आणि तंबोरा जवळजवळ नसतोच.

तीन मिनिटांच्या गाण्यावरून गायकाची पारख करावी का?

जपून. दहा इंची बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास मावतं, बारा इंचीवर फार तर साडेचार. नाटकात तेच पद वन्स मोअर घेत वीस मिनिटं चाले. दीनानाथांच्या तबकडीतली तान ऐकून 'घाईघाईनं गातात' म्हणणाऱ्यानं हे ध्यानात घ्यावं. माणूस घाईत नव्हता, ध्वनिमुद्रणाचं मेण संपत होतं. केसरबाईंची बिलंपत (संथ लयीतली) चीज घड्याळ लावून गायची नव्हतीच. तबकडी ही त्या गाण्याची वानगी म्हणून ऐका.

केसरबाईंचं गाणं अवकाशात गेलं, हे खरं का?

खरं. भैरवीतलं 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटं, व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवर आहे. व्हॉयेजर-२ हे २० ऑगस्ट १९७७ ला निघालं, व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबरला. त्यानंतर अकरा दिवसांनी बाई गेल्या. 'नासानं बाईंना गायला बोलावलं' ही अफवा. जुनंच ध्वनिमुद्रण निवडलं होतं.

दीनानाथांच्या कारकिर्दीचे टप्पे थोडक्यात?

जन्म २९ डिसेंबर १९००, मंगेशी. किर्लोस्कर नाटक मंडळी. तिथून बाहेर पडून १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकरांसह बळवंत संगीत मंडळी. बोलपट आल्यावर मंडळी चित्रपटाकडे वळली आणि कर्जात बुडाली. मृत्यू २४ एप्रिल १९४२, पुणे. पणजीत कांपालच्या कला अकादमीतल्या मुख्य नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे.

तियात्रिस्ताची माहिती मराठी नाटकवाल्यासारखीच जमवायची का?

नाही, कागद निराळे. तियात्राचा खेळ सहा-सात पडद्यांचा, म्हणजे अंकांचा, आणि दोन अंकांच्या मध्ये पडद्यासमोर उभं राहून म्हटली जाणारी गाणी म्हणजे कांतारां. कांतारांचा कथेशी संबंध असेलच असं नाही, त्यामुळे एखादा कांतारिस्त कुठल्या तियात्रात होता हे संहितेतून कळत नाही. त्यासाठी हँडबिलं आणि रोमी कोंकणी नियतकालिकांतल्या जाहिराती लागतात. कांतारांच्या छापील पुस्तिका असत, त्या घरोघरी ट्रंकेत सापडतात. स्त्री कलाकार शोधताना लक्षात ठेवा की जुवांव आगुस्तीन फर्नांडिस यांच्या पत्नी रेजिना १९०४ मध्ये रंगमंचावर आल्या. त्याच सुमारास मराठी रंगभूमीवर नायिका बहुधा पुरुषच करत होते.

हिंदी चित्रपटांत वाजवणाऱ्या गोवेकरांची नावं श्रेयनामावलीत का नाहीत?

कारण श्रेय संगीतकाराच्या नावावर एकत्र जाई. चाल संगीतकाराची, व्हायोलिननं काय वाजवायचं, ट्रम्पेट कुठे शिरायचा, हे लिहून काढणारा अरेंजर वेगळा. पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येणारे वादक गोव्यातून येत, कारण चर्चच्या शाळांत मेस्त (संगीतशिक्षक) ते शिकवत. सेबास्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७ ते २०१२), कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ही ठळक नावं. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या गाण्यातलं अँथनीचं नाव हे संगीतकार प्यारेलालनी आपल्या गुरूला केलेलं वंदन. फ्रँक फर्नांड यांनी पुढे 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले.

कुटुंबाकडे 'बाबांनी अमुक गाण्यात वाजवलं' एवढीच आठवण असेल तर हस्तलिखित स्वरलेखनाची पानं मागा. कोपऱ्यात चित्रपटाचं नाव, वाद्य, कधी तारीख असते. पान नसेल तर 'कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार' असं लिहा.

कुर्डीला मोगूबाईंचं घर बघता येतं का?

वर्षातून काही आठवडेच. सांगे तालुक्यातलं कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की सोमेश्वराचं देऊळ, जोती, विहिरी उघड्या पडतात आणि विस्थापित गावकरी तिथे उत्सवाला जमतात. घराची जोती दाखवणारा गावकरी बरोबर घ्या. कोरड्या दिसणाऱ्या चिखलात पाय गुडघाभर रुततो. पाऊस लागला की विषय संपला.

नव्वदीच्या आजीची मुलाखत कशी घ्यावी?

पंखा बंद, फोन विमान मोडवर, दोन यंत्रांवर ध्वनिमुद्रण. एका बैठकीत ४० मिनिटं पुरे. 'कितव्या साली?' विचारू नका. 'तेव्हा पणजीला जायला फेरीबोट होती का, पूल?' असं विचारा. जुना फोटो हातात द्या आणि गप्प बसा. फोटो काचेला चिकटला असेल तर सोलू नका, काचेसकट ६०० डीपीआयवर स्कॅन करा, आणि पाठीमागचा स्टुडिओचा शिक्काही स्कॅन करा.

जुनं गाणं कार्यक्रमात किंवा ऑनलाइन लावलं तर हक्काचा प्रश्न येतो का?

ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं. १९३५ ची तबकडी केव्हाच मोकळी झाली. पण त्यातल्या पदाचे शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, तो वेगळा तपासावा लागतो. तबकडी मोकळी, शब्द बांधलेले, असं बरेचदा निघतं. कंपनीनं नव्यानं साफ करून काढलेली आवृत्ती उचलू नका. आपल्या तबकडीवरून उतरवलेली फाइल वापरा.